गुडघ्यात एकदा पू होऊन गेलाय, आता गुडघा बदलायचा का? (कोल्हापूर)

करवीरची_लेक

नमस्कार मंडळी. आईच्या गुडघ्याबद्दल लिहितेय. जरा लांबेल, पण अर्धवट माहितीवर कुणी सल्ला देऊ नये म्हणून सगळं सांगते.

आई ६४ वर्षांची. गाव कागल तालुक्यात. मधुमेह जुना. उजवा गुडघा झिजलेला होताच, पण ती रेटत होती. गेल्या वर्षी ऐन श्रावणात गावाकडच्या एका दवाखान्यात गुडघ्यात इंजेक्शन घेतलं. दोन-तीन दिवसांत गुडघा टम्म फुगला, थंडी वाजून ताप, पाय हलवू देईना. कोल्हापुरात आणलं तर सुईतून सरळ पूच आला. दुर्बिणीतून सांधा धुतला. कल्चरमध्ये, म्हणजे नमुन्यातला जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाचा जंतू निघाला. आधी शिरेतून, मग गोळ्यांनी अँटिबायोटिक झाले. जीव वाचला, पाय वाचला, त्याबद्दल त्या डॉक्टरांचे उपकार आहेतच.

पण गुडघा गेला. एक्स-रेत हाडाला हाड लागलंय. चैत्र यात्रेला जोतिबाच्या पायऱ्या चढणारी बाई आता उंबरा ओलांडताना दार धरते. रात्री कूस बदलताना विव्हळते.

दोन सर्जनना दाखवलं. एकजण म्हणाले, वर्ष होऊन गेलं, जंतू संपले, दिवाळी झाली की गुडघा बदलून टाकू. दुसरे म्हणाले, आधी रक्त आणि सांध्यातलं पाणी तपासू, साखर खाली आणा, मग तारखेचं बोलू. आत जंतू निघाला तर दोन टप्प्यांत करावं लागेल. घरात दोन तट पडलेत. भाऊ म्हणतो आईला आणखी किती दिवस दुखणं सोसायला लावायचं? त्याचंही खोटं नाही.

मला विचारायचंय ते हे : एकदा पू झालेल्या सांध्यात कृत्रिम गुडघा बसवता येतो का? आणि "दोन टप्पे" म्हणजे नेमकं काय? कुणी यातून गेलं असेल तर कृपया लिहा.

गंगावेस

ताई, मी गेलोय यातनं. माझी गोष्ट थोडी येगळी हाय, पण दोन टप्पे म्हंजे काय ते अंगावर काढलंय. रात्री निवांत लिवतो. तोवर एवढंच सांगतो, तारीख घेऊ नका. पाणी तपासा म्हणणाऱ्या डॉक्टरचं ऐका.

हाडवाला

मी अस्थिरोग शल्यचिकित्सक आहे, दक्षिण महाराष्ट्रातच काम करतो. तुमच्या आईंना मी तपासलेलं नाही, तेव्हा हे सर्वसाधारण माहिती म्हणून वाचा.

पहिल्या प्रश्नाचं उत्तर होय. सांध्यात एकदा संसर्ग होऊन गेला म्हणून गुडघा कधीच बदलता येत नाही असं नाही. पण अशा गुडघ्यात पुन्हा संसर्ग होण्याचा धोका साध्या झिजेच्या गुडघ्यापेक्षा निश्चित जास्त असतो. साध्या रुग्णांत हा धोका शेकडा १ ते २ च्या आसपास धरतात. आईंचा त्याहून वरचा आहे हे धरूनच पुढची प्रत्येक पायरी ठरवायची.

इतकी काळजी का, तेही सांगतो. माणसाच्या स्वतःच्या सांध्यात जंतू आला तर रक्तातून पांढऱ्या पेशी आणि औषध दोन्ही तिथं पोचतात, सांधा धुता येतो. धातू आणि प्लास्टिकला रक्तपुरवठाच नसतो. जंतू तिथं चिकटला की स्वतःभोवती चिकट थर तयार करतो, त्याला बायोफिल्म म्हणतात. रंकाळ्याच्या दगडी पायऱ्यांवर शेवाळ धरतं आणि वरून कितीही पाणी ओता, निघत नाही, तसं ते असतं. औषध थराच्या आतल्या जंतूपर्यंत पुरेसं जात नाही. मग खरवडून काढणं, बहुतेकदा अख्खा सांधा काढणं, एवढंच उरतं. म्हणून जंतू आत असताना धातू बसवणं ही सगळ्यात महागात पडणारी घाई.

आता "वर्ष झालं, जंतू संपले" याबद्दल. किती महिने थांबावं याचा जगभर मान्य झालेला एकच आकडा नाही. संसर्गानंतर लवकर केलेल्या ऑपरेशनांत पुन्हा संसर्गाचं प्रमाण जास्त दिसतं, म्हणून बरेचजण एक-दोन वर्षं जाऊ देणं पसंत करतात. पण नुसत्या कॅलेंडरवर निर्णय होत नाही. जंतू शांत आहे याचा पुरावा शोधावा लागतो : सीआरपी आणि ईएसआर (शरीरातली सूज-संसर्ग दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या), आणि सांध्यातलं पाणी काढून त्यातल्या पेशींची मोजणी व कल्चर. सीआरपी लवकर चढतं, लवकर उतरतं; ईएसआर रेंगाळतं. दोन्ही नॉर्मल आली तरी संसर्ग शंभर टक्के नाहीच असं म्हणता येत नाही, म्हणून पाणी.

पुढे दोन वाटा. सगळं शांत निघालं तर एकाच ऑपरेशनात गुडघा बदलता येतो. त्यात सांधा बसवायला अँटिबायोटिक मिसळलेलं सिमेंट वापरतात, आणि ऑपरेशनच्या वेळीच आतल्या वेगवेगळ्या जागांचे पाचेक तुकडे कल्चरला पाठवतात. ही गोष्ट महत्त्वाची आहे. ते तुकडे पाठवणार का, हे तुमच्या सर्जनना आधीच विचारा.

जंतू अजून जिवंत निघाला तर दोन टप्पे. पहिल्यात सगळा खराब भाग, सुजलेलं अस्तर, हाडाचे कुजके पृष्ठभाग काढून टाकतात आणि मध्ये अँटिबायोटिक भरलेल्या सिमेंटचा तात्पुरता सांधा, म्हणजे स्पेसर, ठेवतात. साधारण ६ आठवडे औषध. मग औषध थांबवून पाहायचं, पुन्हा तपासण्या, आणि जंतू गेल्याची खात्री झाली की दुसऱ्या टप्प्यात कायमचा सांधा. कृत्रिम सांध्यातल्या संसर्गासाठी ही पद्धत अमेरिकेत जॉन इन्सॉल आणि सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडली, आणि आजही ती वापरात आहे. दहांपैकी आठ-नऊ जणांत जंतू आटोक्यात येतो. उरलेल्यांचं काय, हेही लपवू नये : पुन्हा धुणं, पुन्हा स्पेसर, कधी सांधा कायमचा आखडवून टाकणं, आणि क्वचित पाय मांडीतून काढावा लागणं.

भावाला सांगा, थांबणं म्हणजे दुखणं सोसत बसणं नव्हे. त्या काळात वेदनेवर उपचार करता येतात. फक्त गुडघ्यात पुन्हा स्टेरॉइडचं इंजेक्शन घेऊ नका. साध्या झिजेच्या गुडघ्यातसुद्धा बदलाआधीच्या तीन महिन्यांत ते घेतलं तर संसर्गाचा धोका वाढतो. आईंच्या इतिहासात तर तो विचारही नको.

करवीरची_लेक

डॉक्टर, इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. भावाला वाचून दाखवलं.

रिपोर्ट सांगते : सीआरपी १४ मिग्रॅ प्रति लिटर, ईएसआर ४८, तीन महिन्यांची साखर ९.१. आणि एक गोष्ट राहिली. गुडघा थोडा गरम लागतो म्हणून आमच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी "खबरदारी म्हणून" परवापासून अँटिबायोटिकच्या गोळ्या चालू केल्यात. ताप नाही. या गोळ्या चालू असताना पाणी काढलं तर चालेल ना?

प्लेटवाली

करवीरची_लेक, इथं मला बोलायलाच हवं. मी मायक्रोबायॉलॉजीच्या लॅबमध्ये उभं आयुष्य काढलं, कल्चरच्या प्लेटा, म्हणजे जंतू वाढवायच्या बशा, वाचणं हेच काम.

गोळ्या चालू असताना काढलेल्या पाण्यात कल्चर बऱ्याचदा रिकामं येतं. जंतू मेला म्हणून नव्हे, औषधामुळे प्लेटवर वाढत नाही म्हणून. आणि मग कागदावर "नो ग्रोथ" छापून येतं, घरचे पेढे वाटतात, आणि ऑपरेशनची तारीख पक्की होते. असे कागद हातातून गेले की मला आतून तुटायचं, कारण नमुन्याच्या चिठ्ठीवर रुग्णाला औषध चालू आहे की नाही हे कुणी लिहिलेलंच नसायचं.

ताप, थंडी, गुडघ्यातून स्राव असं काही नसेल तर तुमच्या सर्जनना विचारून गोळ्या बंद करायच्या, निदान दोन आठवडे जाऊ द्यायचे, मग पाणी. स्वतःच्या मनानं बंद करू नका. आणि उलट, ताप भरला, माणूस आजारी दिसायला लागला तर दोन आठवड्यांची वाट बघत बसायचं नाही : त्याच दिवशी नमुना घ्यायचा आणि लगेच औषध चालू करायचं. दोन वेगळ्या परिस्थिती आहेत, गल्लत नको.

पाणी काढताना काय मागायचं ते सांगते. थोडं पाणी पेशी मोजायला, थोडं कल्चरला. कल्चरचं पाणी ब्लड कल्चरच्या बाटलीत टाकलं तर जंतू सापडण्याची शक्यता वाढते. नमुना पिशवीत घालून एसटीनं फिरवू नका, वेळ जितका कमी तितकं बरं. आणि लॅबला सांगा की प्लेट दोन-तीन दिवसांत टाकून देऊ नका. काही जंतू फार सावकाश वाढतात, कृत्रिम सांध्याच्या नमुन्यांत तर १४ दिवसांपर्यंत ठेवायची पद्धत आहे.

पेशींच्या आकड्याबद्दल एक. लोक गुगलवर पन्नास हजार वाचतात आणि आपल्याकडे आठ हजार आले म्हणून निर्धास्त होतात. ५०,००० हा आकडा ताज्या, पेटलेल्या सांध्याच्या संशयासाठी आहे. कृत्रिम सांध्यातल्या जुन्या संसर्गात ३,००० च्या वरसुद्धा संशय घेतात. कोणत्या सांध्याला कोणता आकडा, हे सर्जनला ठरवू दे.

तुमचं सीआरपी १४ आहे, साखर ९ च्या वर. हे "सगळं शांत" म्हणण्याचे आकडे मला तरी वाटत नाहीत. पण पायाला जखम, लघवीचा संसर्ग, दाताचं दुखणं यानंही सीआरपी चढतं, तेही बघून घ्या.

गंगावेस

काल बसलोच न्हाई, आज लिवतो.

माझा डावा गुडघा बदलला होता. पयलं वर्ष झ्याक गेलं. मग शेतात बांधावर पायाला जखम झाली, ती चिघळली, आणि थोड्या दिवसांनी गुडघा सुजला. मला वाटलं चालण्यानं आलीय सूज. मग टाक्याच्या जागी एक पुळी आली, ती फुटली आणि त्यातनं रोज थोडं थोडं पाणी यायला लागलं. ड्रेसिंग करायचं, खपली धरायची, परत फुटायचं. शेवटी मोठ्या डॉक्टरनी बघितल्या बघितल्या सांगितलं, ह्या भोकाचा रस्ता सरळ आत सांध्यापर्यंत गेलाय, आता दुसऱ्या पुराव्याची गरज न्हाई.

पयल्या टप्प्यात सगळा सांधा काढला आणि सिमेंटचा बसवला. ताई, स्पेसरवर माणूस जगतो कसा ते कुणी सांगत न्हाई, म्हणून सांगतो. माझा न वाकणारा होता, पाय सरळ काठीसारखा. वाकणाराबी मिळतो, पण ते हाड किती उरलंय त्यावर हाय. वॉकर घेऊन, पाय नुसता टेकवत चालायचं. रिक्षात बसायचं म्हंजे पाय बाहेर. खाली बसायचं संडास असलं तर घरात उंच खुर्ची आधी करून ठेवा, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी न्हवं, महिनाभर आधी. रात्री झोपताना पायाखाली काय ठिवायचं ते फिजिओला विचारा, आपल्या मनानं उशी कोंबू नका.

औषध शिरेतनं चालू होतं. व्हॅन्कोमायसिन. दर थोड्या दिवसांनी किडनीचं रक्त तपासायचे. पोरगं सकाळी दुकान उघडायच्या आधी न्यायचं. घरात माझ्या बायकोनं एकदाबी कपाळाला आठी घातली न्हाई, पण तिचं वजन त्या महिन्यांत उतरलेलं मला दिसत हुतं. हे आजारपण एका माणसाचं नसतंय. तुमच्या भावाला सांगा, दोघांनी वाटून घ्या.

मन लई खचतंय मधल्या काळात. पयला सांधा काढलेला, दुसरा आलेला न्हाई, आणि डॉक्टर म्हणतोय अजून बघू. त्या वेळी मला भांडावं वाटायचं. आज वाटतं त्यानं धीर धरला म्हणून मी चालतोय. दुसरा टप्पा झाला, आता घर ते गंगावेस चालत जातो, दुधाची किटली घेऊन. मांडी घालता येत न्हाई. त्याचं काय दुःख न्हाई.

राधानगरी_रानवाटा

आमच्या वडिलांचं वेगळंच निघालं, म्हणून लिहितो. त्यांचाही गुडघा सुजायचा, पण पू नाही, जोराचा ताप नाही. संध्याकाळी अंग कोमट, वजन उतरलेलं, मांडीचा स्नायू सुकून गेलेला. वर्षभर वात म्हणून औषधं चालली. साध्या कल्चरमध्ये कधीच काही आलं नाही. शेवटी सांध्याच्या अस्तराचा तुकडा काढून तपासला आणि सीबीनॅट (टीबीच्या जंतूचा अंश शोधणारी तपासणी) केलं, तेव्हा क्षयरोग निघाला. गुडघ्याला टीबी होतो हे आम्हाला माहीतच नव्हतं.

हाडा-सांध्याच्या टीबीला औषध फुप्फुसाच्या टीबीपेक्षा जास्त काळ, साधारण १२ ते १८ महिने घ्यावं लागतं. सरकारी कार्यक्रमात औषध मोफत मिळतं, आहारासाठीच्या निक्षय पोषण योजनेचे महिन्याला १,००० रुपयेही (आधी ५०० होते, नोव्हेंबर २०२४ पासून वाढले). गुडघा बदलायचा विषय सर्जननी कोर्स संपून सगळं शांत झाल्यावरच काढला. कल्चर वारंवार कोरं येत असेल आणि गुडघा बसत नसेल तर टीबीची तपासणी करा असं डॉक्टरांना जरूर म्हणा. नमुना टीबीसाठी वेगळा पाठवावा लागतो, आपोआप होत नाही.

हाडवाला

राधानगरी_रानवाटा यांनी फार मोलाचं लिहिलं. आपल्या भागात हे विसरून चालत नाही.

शाहूपुरी_सायकल

माझी मावसबहीण जर्मनीत असते. ती म्हणते तिकडे संसर्ग झालेला सांधा एकाच ऑपरेशनात काढून नवा बसवतात. मग आपल्याकडे माणसाला दोनदा का कापायचं? खर्चही दुप्पट. आणि हे सहा आठवडे शिरेतूनच का? गोळ्यांनी होत नाही?

हाडवाला

दोन्ही प्रश्न रास्त आहेत.

हॅम्बुर्गमध्ये एका टप्प्याची पद्धत १९७० च्या दशकापासून रुळलेली आहे. बुखहोल्झ यांनी सिमेंटमध्ये जेंटामायसिन मिसळण्याची कल्पनाही तिथूनच पुढे आणली. निवडक रुग्णांत तिचे निकाल दोन टप्प्यांच्या जवळपास येतात. "निवडक" हा शब्द मात्र नीट ऐका : जंतू कोणता आणि त्याला कोणतं औषध चालतं हे ऑपरेशनच्या आधीच माहीत असलं पाहिजे, कातडी आणि मांस धड असलं पाहिजे, हाड पुरेसं उरलेलं असलं पाहिजे. म्हणजे फिरून पुन्हा प्लेटवाली यांच्या मुद्द्यावरच आलो. जंतूचं नाव हातात नसेल तर एका टप्प्याचा मार्ग बहुतेकदा बंद.

नवा सांधा बसवून दोन-चार आठवडेच झाले असतील आणि ताजा संसर्ग असेल, तर सांधा न काढता आतून धुऊन, मधलं प्लास्टिक बदलूनही भागतं. पण त्याची मुदत फार कमी. म्हणून ऑपरेशननंतर आठवडाभरानेही टाक्यातून पाणी येत राहिलं तर गावात ड्रेसिंग करत बसू नये, ज्यांनी ऑपरेशन केलं त्यांच्याकडे त्याच दिवशी जावं.

गोळ्यांबद्दल : २०१९ साली ब्रिटनमधला ओविवा नावाचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात हजाराहून अधिक हाडा-सांध्याच्या संसर्गाचे रुग्ण होते. पहिल्या ६ आठवड्यांत योग्य निवडलेल्या गोळ्या शिरेतल्या औषधाच्या तोडीच्या ठरल्या. तेव्हा "शिरेतूनच" हा हट्ट आता पूर्वीइतका उरलेला नाही. पण जंतूला ती गोळी लागू पडते हे कल्चरनंच कळतं. कालावधीत मात्र कंजुषी नको. २०२१ मध्ये फ्रान्समधल्या अभ्यासात कृत्रिम सांध्याच्या संसर्गात ६ आठवडे १२ आठवड्यांच्या बरोबरीचे ठरले नाहीत, ६ आठवडेवाल्यांत संसर्ग टिकून राहण्याचं प्रमाण जास्त निघालं. मी वर ६ आठवडे लिहिले ते पहिल्या टप्प्यानंतरचे आहेत. एकूण औषध किती काळ हे जंतू आणि ऑपरेशन कोणतं यावर ठरतं.

पांढरा_रस्सा

आमच्या गावात एक हाडवैद्य आहेत. लेप आणि जळवा लावून सूज उतरवतात. ऑपरेशनआधी एकदा करून बघायला काय हरकत आहे?

प्लेटवाली

हरकत आहे, आणि मी हे कुणाचा अनादर म्हणून म्हणत नाही. मुका मार, लचक, यात लोकांना लेपानं बरं वाटतं, त्यावर माझं काही म्हणणं नाही. पण जळू म्हणजे त्वचेला पडलेलं भोक, आणि जळवेच्या पोटात जंतू असतात. ज्या सांध्यात जंतू होता त्याच्यावरच्या कातडीला ऑपरेशनआधी नवी भोकं पाडायची नाहीत. डाग देणंही नको. कृपया.

फिजिओ_मिरजकर

मी मिरज-कोल्हापूर दोन्हीकडे रुग्ण बघते. आईंच्या बाबतीत ऑपरेशनआधीचे हे महिने वाया जाणारे नाहीत, उलट बराचसा निकाल इथंच ठरतो.

साखर पहिली. ९.१ वर कुठलाही विचारी सर्जन हात लावणार नाही, बहुतेकजण ७.५ ते ८ च्या खाली मागतात. हे उपाशी राहून करू नका. प्रथिनं कमी पडली तर जखम भरत नाही, रक्तातलं अल्ब्युमिन बघतात ते त्यासाठीच. अंडी, डाळ, दही, मटणाचा अळणी रस्सा, जे पचेल ते. भाताचं प्रमाण कमी करा. तंबाखूची मिशरी लावत असतील तर ती बंद. गावाकडच्या बायका मिशरीला व्यसन समजतच नाहीत आणि डॉक्टरनी "तंबाखू खाता का" विचारलं की नाही म्हणतात. तुम्ही स्वतः विचारा.

मग पाय. रोपलावणीत आणि पावसात बोटांच्या बेचक्यात चिखल्या होतात, टाचांना भेगा पडतात, आणि उसाच्या बुडख्यानं पायाला लागतं. मधुमेहात तिथं दुखतही नाही. गंगावेस काकांची गोष्ट वाचलीत ना? जंतू बऱ्याचदा असाच आत शिरतो. रोज संध्याकाळी पाय धुऊन, बेचके कोरडे करून, उजेडात बघायचे. आईंना वाकता येत नसेल तर तुम्ही बघा. किडका दात असेल तर तोही आधीच काढून घ्या.

मांडीचा पुढचा स्नायू. गुडघा न वाकवता, पाय सरळ ठेवून मांडी घट्ट करायची, पाच मोजायचे, सोडायचे. दुखत असलं तरी हे जमतं. गुडघा गरम आणि फुगलेला असेल त्या दिवशी जोर नको.

आणि एक इथलंच. दोन टप्प्यांची वेळ आली तर पहिला टप्पा पावसाच्या तोंडावर घेऊ नका. २०१९ आणि २०२१ च्या पुरात शिरोलीजवळ हायवे बंद झाला तेव्हा शिरेतून औषध चालू असलेल्या लोकांचे किती हाल झाले ते मी पाहिलंय. कागलकडून येणाऱ्यांना हायवेच एक आधार, पण गावातला ओढा भरला की हायवेपर्यंतही येता येत नाही. जमल्यास त्या आठवड्यांत शहरात कुणाकडे तरी राहण्याची सोय बघा.

शाहूपुरी_सायकल

खर्चाचं कुणी बोललं नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये केंद्रानं गुडघ्याच्या इम्प्लांटच्या किमतीवर मर्यादा घातली, तेव्हा नेहमीच्या कोबाल्ट-क्रोमियमच्या पूर्ण सांध्याची कमाल किंमत ५४,७२० रुपये ठरली होती, जीएसटी वेगळा. पण ती मर्यादा इम्प्लांटची. ऑपरेशन थिएटर, खोली, औषधं, सर्जनची फी त्यात नाही. दोन टप्प्यांत तर मधली औषधं आणि तपासण्या हाच मोठा भाग होतो. लेखी अंदाज दोन्ही टप्प्यांचा एकत्र मागा. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते योजनेतल्या दवाखान्यात बसणाऱ्या आरोग्यमित्राला रेशन कार्ड दाखवून ऑपरेशन ठरवण्याआधी विचारा, नंतर नव्हे. सीपीआरलाही (कोल्हापूरचं सरकारी रुग्णालय) एकदा ओपीडीत दाखवून या.

करवीरची_लेक

सगळ्यांचे आभार. थोडे आठवडे गेले, म्हणून कळवते.

दुसऱ्या सर्जनकडेच जायचं ठरलं. त्यांनी गोळ्या बंद करून दोन आठवडे जाऊ दिले आणि मग पाणी काढलं. भाऊ स्वतः नमुना घेऊन लॅबला गेला, चिठ्ठीवर औषध कधी थांबवलं ती तारीख लिहवून घेतली. प्लेटवाली ताई, तुमच्यामुळे. पेशी १,९०० आल्या. कल्चर पूर्ण १४ दिवस ठेवलं, वाढ नाही. टीबीचा नमुना वेगळा पाठवला, सीबीनॅट निगेटिव्ह, त्याचं कल्चर अजून चालू आहे.

आणि उजव्या पायाच्या करंगळीजवळ चिखल्या होत्याच. आईनं कधी सांगितलं नव्हतं. त्या बऱ्या झाल्या, एक दात काढला, आणि परवाचं सीआरपी ५ आलं. मिशरीही निघाली. तिनं डबी स्वतःहून माझ्या हातात दिली. साखरेला अजून वेळ आहे, पण रोजचे आकडे उतरताहेत.

सर्जन म्हणतात टीबीचं कल्चर येऊ दे, साखर ८ च्या खाली येऊ दे, मग एकाच ऑपरेशनात करू, पण आत काही संशयास्पद दिसलं तर तिथंच थांबून स्पेसर ठेवीन, त्याची संमती आधी द्या. भाऊ गोंधळलाय. भूल दिल्यावर ऐनवेळी बेत बदलणं हे चांगलं लक्षण आहे का?

हाडवाला

चांगलं लक्षण आहे. आधीच्या तपासण्या स्वच्छ असल्या तरी आत उघडल्यावर अस्तर वेगळं दिसू शकतं. अशा वेळी ऊतीचा तुकडा गोठवून लगेच सूक्ष्मदर्शकाखाली बघतात, त्यात पांढऱ्या पेशींची गर्दी दिसली तर सांधा न बसवता थांबायचं. दोन्ही शक्यतांची संमती आधी घेणारा सर्जन तयारीनं उतरतोय.

भावाला हे विचारायला सांगा : गोठवून तपासणी करणारे पॅथॉलॉजिस्ट त्या दिवशी हजर असतील का, स्पेसरचं सामान थिएटरमध्ये असेल का, आणि पाठवलेल्या तुकड्यांचे कल्चर रिपोर्ट येईपर्यंत आईंना अँटिबायोटिक चालू ठेवणार का. चौथं, त्या तुकड्यांपैकी दोनांत सारखाच जंतू वाढला तर पुढे काय करायचं ते आत्ताच बोलून घ्या. नवा सांधा आत असेल, पण औषधाचा बेत वेगळा असेल.

गंगावेस

आणि ताई, उंच खुर्ची. आत्ताच करून घ्या. आमच्या गल्लीत एक सुतार हाय, पायजे असलं तर निरोप करा.